गोदाची तपासणी

आमच्या घरात संशय घ्यायला कारण लागत नसे. शेजारणीनं वाटीभर खीर पाठवली की माय हसून घ्यायची, "कशाला वं एवढा तरास," म्हणायची, आणि शेजारीण कोपऱ्यावरून वळली की आम्हाला विचारायची, "हिनं आता काय काम काढलंय?" गिरणीत दळण टाकलं की शेवटचं पीठ पडेपर्यंत ती तिथंच उभी राहायची, कारण गिरणीवाला चांगली ज्वारी बदलून किडकी घालतो असा तिला पक्का वहीम होता. घाटनांदूरच्या बाजारात तूरडाळ घेताना पोत्याच्या वरची डाळ ती कधी बघायची नाही. कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ वर काढायची. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, संशय जरा शांत जातीचा. ते चौथी शिकलेले. हातात आलेला कागद ते सावकाश वाचायचे आणि मग उलटा करून कोरी बाजूही नीट बघायचे. अण्णांची थोरली बहीण सोनाआत्या नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची, ती ह्या दोघांच्या वरताण. तिच्या तरुणपणी गावात एक जीप आली, फुकट तपासणी म्हणून माणसं घेऊन गेली आणि नसबंदीचं ऑपरेशन करून परत आणून सोडली, असं ती सांगे. तेव्हापासून गावात जीप दिसली की आत्या घरात शिरून कडी लावायची. मी ह्या घरात वाढले आणि माझाही स्वभाव तसाच झाला, हे आधीच सांगून ठेवते. माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

माझी धाकटी बहीण गोदावरी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गोदाला ऐकू येत नाही हे आम्हाला कळायला फार वेळ लागला, आणि त्यालाही संशयच कारण. मायला वाटायचं पोरगी ढोंग करतेय. काम सांगतील म्हणून हाकेला मुद्दाम वळत नाही. वर्षभर ती गोदाला पकडायच्या मागे होती. पाठीमागून जाऊन ताट आपटायची, रिकामी कळशी गडगडत सोडायची. गोदा अंगणात चिंचोके मांडत बसलेली असायची ती तशीच. एक दिवस माय तिच्या मागे उकिडवी बसली आणि अगदी लाडानं म्हणाली, "गोदे, गूळ खाती का?" गोदाचा गुळावर एवढा जीव की डब्याचं झाकण उघडलेलं दिसलं तरी ती धावत यायची. त्या दिवशी ती वळली नाही. माय तिथंच मातीत बसून रडली. मी त्या आधी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

गोदाला आवाज हाताला कळायचे. संध्याकाळी माय भाकरी थापायला बसली की गोदा काठवटीच्या कडेवर तळवा ठेवून बसायची. थापणं थांबलं की भाकरी तव्यावर गेली हे तिला समजायचं आणि ती आपली ताटली पुढं करायची. शेंगदाण्याची चटणी, कांदा, तव्यावरची पहिली भाकरी. पहिली भाकरी गोदाचीच, त्यात कुणी बोलायचं नाही. आमचं दोघींचं बोलणं हातांनी चालायचं. मिशीला पीळ म्हणजे अण्णा, कपाळावर आडवं बोट म्हणजे माय, कडी लावल्याची खूण म्हणजे आत्या. ह्या भाषेत शंभरेक गोष्टी सांगता यायच्या, त्यातल्या निम्म्या खाण्याच्या. "उद्या", "कदाचित", "का" असं काही सांगता येत नसे. घरात बाकीच्यांना त्यातलं थोडंच यायचं. गोदाचं काही कळलं नाही की सगळे माझ्याकडं बघायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

शाळेत आम्ही शेजारी बसायचो. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, कोण कितवीत हे बसण्यावरून ओळखू येत नसे. गुरुजी हजेरीत गोदाचं नाव घ्यायचे तेव्हा मी तिचा हात दाबायचे आणि ती दुसरा हात वर करायची. दुसरीत तिचं तिसरं वर्ष चाललं होतं. तपासणीच्या दिवशी आमच्या शाळेत वेगळीच गंमत असायची. दिवाळीनंतर निम्मा गाव कोयता घेऊन उसाला गेलेला, वर्ग ओस, आणि साहेब तर पट मोजायला येणार. मग मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, पोरांना दुसऱ्यांची नावं वाटून द्यायचे. मी एका हिवाळ्यात दोन वेगळ्या मुली होऊन "हजर" म्हटलेलं आहे. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जागेवर पोर दिसलं म्हणजे झालं, ते कुणाचं हे साहेब कशाला विचारतोय!

अशात शिंदेबाई आल्या. अंबाजोगाईहून एसटीनं यायच्या, आठवड्यातून दोन दिवस, खांद्याला मोठी कापडी पिशवी. त्यांना फिरत्या शिक्षिका म्हणायचे. ऐकू न येणाऱ्या, न दिसणाऱ्या, मागे पडणाऱ्या मुलांना लांबच्या वेगळ्या शाळेत न पाठवता गावातल्याच शाळेत शिकवायचं अशी सरकारची योजना होती, आणि बाईंचा पगार, पुस्तकं, मुलांचा भत्ता, कानाचं मशीन असं सगळं सरकार देणार होतं. बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मायनं चहा दिला, आणि बाई हात धुवायला मोरीकडं गेल्या तेवढ्यात त्यांच्या पिशवीत डोकावून घेतलं. आत आरसा, चित्रांचे पत्ते, डफासारखं काहीतरी आणि फुगे. ते बघून मायचा संशय वाढला.

"तुमाला ह्याचा पगार मिळतो का?" मायनं विचारलं.

"मिळतो की, ताई."

"आन पोरगी बोलाया लागली तर पगार बंद?"

बाई हसल्या. "नाही, तो चालूच राहतो."

बाई गेल्यावर माय आत्याला म्हणाली, "म्हंजी पोरगी बोलली काय आन न बोलली काय, हिला सारखंच. मंग ही झटतीय कावून?"

गावात तर काय काय बोललं जायचं. बाईंना एका पोरामागं एवढे मिळतात, मोठ्या गुरुजींना तेवढे मिळतात. म्हणून धडधाकट पोरांना मुकं-वेडं लिहून घेतात. ह्यातलं अर्धं खरं होतं. योजनेला ठरावीक मुलं भरावी लागत, नाही भरली तर फिरत्या शिक्षिकेचं केंद्र दुसऱ्या गावाला जायचं. मोठ्या गुरुजींनी मुलं भरली. गणितात कच्चा म्हणून पाटलांचा दिलीप मतिमंद झाला; आज त्याचं ट्रॅक्टरचं दुकान आहे आणि व्याजाचा हिशेब तो तोंडी करतो. बोबडं बोलणारी एक, चष्मा लागलेला एक, अशी यादी फुगली. बाईंना हे माहीत होतं का? मी पुष्कळदा विचार केला. यादीवर खाली त्यांची सही होती. माहीत असावं असं मला आजही वाटतं. गोदासाठी केंद्र टिकावं म्हणून त्या गप्प बसल्या असाव्यात, असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

पण त्या शिकवायच्या मात्र जीव ओतून. गोदाच्या गालाला फुगा लावून फुग्यावर तोंड टेकून बोलायच्या. गोदाचे डोळे मोठे व्हायचे. हातावर कागदाची पट्टी ठेवून "प" म्हणायच्या, पट्टी उडायची. गोदाला आधी ती फुंकर वाटली, मग तीन-चार आठवड्यांनी एक दिवस पट्टी उडाली ती आवाजासकट. त्या संध्याकाळी घरी येऊन ती रांजणापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "पा." पाणी. मायच्या हातातली पळी तशीच राहिली. आमटीला कढ येऊन ती उतू गेली, चुलीत चर्र झालं, सगळ्या घरात तिखट धूर. अण्णा ओसरीवरून आत आले, गोदानं पुन्हा म्हटलं, "पा." मायनं तिला पाणी दिलं, पुन्हा दिलं, ते पोर चार तांबे पाणी प्यालं त्या दिवशी. सगळे हसत होते. मीही हसले. पण मला कुठंतरी खुपलं. पाणी मागायची तिची खूण मीच शिकवली होती, आणि आता ती कुणालाही कळेल असं मागत होती.

त्यानंतर बाई चिठ्ठी घेऊन आल्या. अंबाजोगाईला एका शाळेच्या पटांगणात दोन दिवस तपासणीचं शिबिर होतं. कान तपासून दाखला मिळाला की मशीन मिळणार होतं: छातीवर बांधायची डबी, तिची वायर कानात. बाईंनी अण्णांना समोर बसवून सांगितलं, "गोदा आठ वर्षांची झाली. आत्ताच उशीर झालाय. मशीन आत्ता मिळालं तर शब्द येतील. आणखी चार वर्षांनी मिळालं तर नुसता आवाज येईल, शब्द यायचे नाहीत. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः मुलांना घेऊन जाणारच आहे, तिला पाठवा." अण्णांनी चिठ्ठी वाचली, उलटी केली, परत वाचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर शेंगा फोडत सगळे बसले आणि चर्चा सुरू झाली. मशीन सगळ्यांनाच हवं होतं, त्यात मतभेद नव्हता. पण गोदाला सरकारच्या हातात द्यायला कुणी तयार नव्हतं.

"फुकट तपासत्यात आन कायतरी टोचून सोडत्यात," आत्या म्हणाली. "मी बघितलंय."

"कानात मशीन घालून बघतेत म्हनं," माय म्हणाली. "हाय ते बी जाईल. न्हाईतर तितूनच लातूरच्या मुक्या पोरांच्या वसतिगृहात धाडतील. तिला भूक लागली हे तितं कोनाला कळंल?"

"मशीन तर पायजे की," अण्णा म्हणाले.

आत्यानं माझ्याकडं बोट करून सहज सांगितलं, "मंग ह्या शकीला न्हे. नाव गोदीचं सांगायचं. शाळंत करतेत की तसं."

आज हे लिहिताना मलाच कसंतरी होतं, पण त्या ओसरीवर ते आम्हा सगळ्यांना फार शहाणपणाचं वाटलं. मी अंगानं किरकोळ, आठ वर्षांची सहज खपणार. बाई दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून आम्ही पहिल्या दिवशी जायचं ठरलं. दाखल्यावर मूकबधिर असा शिक्का बसला तर पुढं सोयरीक कशी व्हायची, ही अण्णांची शंका होती. तीही आत्यानं मिटवली. "कागद आपल्या पेटीत ऱ्हाईल की. दावायचा कोनाला?" मग ती माझ्याकडं वळली. "कानात काय बी वाजूंदे, हूं का चूं करायचं न्हाई."

शिबिरात ही गर्दी. मांडवात लेकरं रडत होती, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, रांगेत आया पदरानं वारा घालत बसलेल्या. कान तपासायची खोली वेगळी होती, तिच्या खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या. आत एक डॉक्टर, डोळ्यांखाली झोप साचलेली. त्यांनी माझ्या कानांवर मशीन चढवलं, आवाज आला की बोट वर कर, असं खुणेनं सांगितलं. आवाज आले. बारीक, मग मोठे, मग इतके मोठे की दात शिवशिवले. मी समोरच्या भिंतीवरचा खिळा बघत बसले. डॉक्टरांनी मागून टाळी वाजवली, डबा वाजवला, मी पापणी हलवली नाही. गोदा कशी बसते ते मला पाठ होतं. खरं सांगायचं तर मजा वाटत होती. त्यांनी मशीन काढलं, खुर्ची ओढली, कागदावर लिहायला लागले, आणि वर न बघता, दिवसभर प्रत्येक लेकराला म्हणत असतील तसं म्हणाले, "झालं बाळ, ऊठ, चप्पल घाल."

मी उठले. एक पाय चपलेत घातला तेव्हा अण्णांचं तोंड दिसलं.

डॉक्टरांनी माझ्या पायाकडं बघितलं. ते ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "खऱ्या पोरांच्या वाटणीचं मशीन लाटायला येता," ते अण्णांना म्हणाले. "लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" अण्णांना एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. पण मग खोटं माणूस उभं केल्याची कबुली द्यावी लागली असती, आणि बाहेर दारातच पोलीस उभा होता. डॉक्टरांनी गोदाच्या नावापुढं लिहिलं, श्रवणशक्ती सामान्य. शिक्का मारला, सही केली, कागद अण्णांच्या हातात दिला.

स्टँडवर अण्णांनी मला भजी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाहीत. एसटी घाटनांदूरच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांनी कागद काढला, वाचला, उलटा केला, परत सुलटा केला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "शके, हे काय लई वाईट न्हाई झालं. सरकारनंच लिहून दिलंय, पोरगी ऐकती म्हनून." घरी आल्यावर तो कागद सातबाराच्या पिशवीत गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंना शिबिरात ते कळलं. त्या थेट आमच्या घरी आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. "हिला तपासलं?" त्यांनी गोदाकडं बोट करून विचारलं. "हिलाच?" अण्णा म्हणाले, "व्हय." माय म्हणाली, "सायबानं लिवलंय, ऐकती." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी ज्वारीतले खडे वेचत होते, ते वेचत राहिले.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती. पण आमच्या शाळेच्या यादीतली आणखी चार-पाच पोरं शिबिरात धडधाकट निघाली, आणि सरकारचा पैसा खोट्या नावांवर जातो अशी तक्रार झाली. चौकशीला साहेब येणार असं ठरलं. मोठ्या गुरुजींनी हात झटकले: यादी बाईंची, सही बाईंची. बाईंनी वर कळवलं की बाकीच्यांचं काय ते बघा, पण गोदावरी खरी आहे, तिला माझ्यासमोर शाळेत तपासा. म्हणजे आता बाईंची नोकरी आणि गोदाचं मशीन, दोन्ही गोदाच्या कानावर येऊन ठेपलं.

त्या दिवशी सकाळी मायनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ताणले. "पोरगी बहिरी निगाली तर इचारतील, मंग अंबाजोगाईला कोन गेलतं? तुजा बाप आत जाईल, कळलं का?" ती म्हणाली. "आन गोदीला घिऊन जातील." अण्णा चहा पीत होते. मी भ्यायले होते हे खरं आहे. पण सगळा दोष भीतीवर टाकला तर ते आमच्या घराला शोभेलसं उत्तर होईल. बाईंचं आणि गोदाचं जे चाललं होतं ते मला आवडत नव्हतं. मंगळवार बाईंचा यायचा दिवस, गोदा सकाळपासून रस्त्याकडं बघत बसायची. तिला आता माझ्याखेरीज दुसरं माणूस होतं. हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, मी सांगितलंही नाही.

साहेब जीपनं आले. आत्यानं कडी लावली असणारच. वर्गात गोदाला भारताच्या नकाशाकडं तोंड करून उभं केलं. अनोळखी माणूस बघून ती थरथरायला लागली, तेव्हा बाईंनीच मला पुढं बोलावलं. "शकू, तिचा हात धर बाळा. तू असलीस की ती शांत राहते." मी गोदाच्या समोर, नकाशाला पाठ लावून उभी राहिले. साहेब तिच्या मागे दारापाशी होते. मला ते स्वच्छ दिसत होते.

साहेबांनी हाक मारली, "गोदावरी." मी हात दाबला. गोदानं दुसरा हात वर केला.

साहेबांनी पुन्हा हाक मारली, हळू. मी दाबला, तिनं हात वर केला. साहेबांनी टेबलावर पेन टाकलं. दाबला. ते नुसते उभे राहिले, मी दाबला नाही, तिनं हात वर केला नाही. शेवटी ते जवळजवळ कुजबुजले, आणि गोदाचा हात वर गेला. ती माझ्याकडं बघून हसत होती. हजेरीचा खेळ एवढा वेळ कधी चालला नव्हता.

"बाई," साहेब म्हणाले, "ही माझ्यापेक्षा बरं ऐकते."

बाईंनी आमच्या हातांकडं पाहिलं. "साहेब, आणखी एकदाच," त्या म्हणाल्या, "हात सोडून."

"किती वेळा?" साहेबांनी फाईल बंद केली. "पाच वेळा झालं की." आणि मोठे गुरुजी लगेच म्हणाले, "चला साहेब, पोहे गार व्हायलेत." ते त्यांना इतक्या घाईनं बाहेर घेऊन गेले की गुरुजींना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, ह्याचा विचार मी पुढं अनेक वर्षं केला.

पोरं साहेबांच्या मागे जीप बघायला पळाली. खोलीत आम्ही तिघी राहिलो. बाई जवळ आल्या. मला वाटलं मारतील. त्या म्हणाल्या, "सोड आता तिचा हात." मी सोडला. त्यांनी गोदाच्या डोक्यावरून हात फिरवला, पिशवी भरली, आरसा तेवढा गोदाला दिला, आणि एसटीच्या फाट्याकडं चालत गेल्या. त्या रडत होत्या. गोदा आरसा धरून दारात उभी राहून बघत होती. घरी त्या दिवशी मायनं शिरा केला, भरपूर गूळ घालून.

बाई परत आल्या नाहीत. केंद्र हललं. बाईंचं पुढं काय झालं हे मला अजून माहीत नाही. शोधायचा प्रयत्न मी केला, पण फार जोर लावून केला नाही. गोदा दोन-तीन महिने मंगळवारी रस्त्याला जाऊन बसायची, मग थांबली. "पा" काही दिवस टिकलं, तेही गेलं. सातबाराच्या पिशवीतला कागद मात्र कामाला आला. गोदा एकोणीसची झाली तेव्हा आष्टीकडचं स्थळ आलं. मुलगी कमी बोलते, लाजाळू आहे, असं सांगून अण्णांनी तो शिक्का दाखवला. सरकारी सही बघून पाहुण्यांची शंका मिटली. दीड महिन्यानं त्यांनी तिला परत आणून सोडलं. फसवलंत, म्हणाले. आम्ही आयुष्यभर लोकांवर जो संशय घेतला तो पहिल्यांदा कुणीतरी आमच्यावर घेतला, आणि तो खरा होता. अण्णांनी तो कागद फाडला नाही. ते गेल्यावर पिशवी उघडली तेव्हा तो तिथंच होता.

माझं लग्न अंबाजोगाईत झालं. माय गेल्यावर मी गोदाला इकडं घेऊन आले. ती ब्लाऊज शिवते, गल्लीतल्या बायकांचा माझ्यापेक्षा तिच्यावर विश्वास जास्त. माझी पन्नाशी जवळ आलीय. ह्या वर्षी अपंगाचं कार्ड काढायचं म्हणून तिचे कान तपासावे लागले, जन्मात पहिल्यांदा. काचेच्या खोलीत ती एकटी बसली, मी बाहेर. तपासणारी मुलगी तरुण होती, चांगली होती. उजव्या कानात थोडं शिल्लक असावं असं वाटतं, म्हणाली. लहानपणी मशीन मिळालं असतं तर बराच फरक पडला असता. आता विशेष नाही. तिनं विचारलं, लहानपणी कधी तपासलं नव्हतं का? मी म्हटलं, नाही.

घरी आल्यावर गोदानं चहा टाकला. मग माझ्याकडं वळून आमच्या जुन्या भाषेत विचारलं, त्या बाई का येईनाशा झाल्या? इतक्या वर्षांत तिनं हे कधीच विचारलं नव्हतं. तेव्हा आमच्याकडं "का" विचारायची खूणच नव्हती, ती आम्ही पुढं मोठेपणी तयार केली. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. अंबाजोगाईला मी गेले होते ते, चपलेचं, साहेबांचं, हात दाबल्याचं. माझ्या मनात बाईंविषयी जे होतं तेही सांगितलं. ती मारेल, निघून जाईल, काहीही करेल म्हणून मी वाट बघत होते. चहा उतू जायला आला, तिनं गॅस बंद केला. मग हातांनी सांगितलं, हळूहळू, मला कळावं म्हणून थांबत: मला वाटलं, मला लवकर शिकता येत नव्हतं. मला वाटलं, बाईंना दुसरी हुशार मुलगी मिळाली.

मी म्हटलं, नाही. तू हुशार होतीस. तुझं काही चुकलं नव्हतं.

तिला ते पटलं नाही. ती जवळ आली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि पुन्हा विचारलं, माझं चुकलं नव्हतं? मी नाही म्हटलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी खोटं बोलतेय का हे बघायला माझा चेहरा बराच वेळ निरखत राहिली.